पनेटचा चौकोन शेवटी काढा: आनुवंशिकतेचं उदाहरण न चुकता सोडवण्याची पद्धत

आनुवंशिकतेच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं की एक दृश्य हमखास दिसतं. पनेटचा चौकोन (आईवडिलांच्या जनुकांच्या संभाव्य जोड्या मांडायचा तक्ता) पट्टीने आखलेला, घरं नीटनेटकी भरलेली, खाली गुणोत्तराला दोन रेघा, आणि उत्तर साफ चूक. चौकोनात काही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या आधी, युग्मकं (शुक्रपेशी-अंडपेशी) लिहिताना, किंवा त्याच्या नंतर, आलेलं गुणोत्तर वाचताना. घरात बाळ येणार म्हणून रक्तगटाचा हिशेब मांडणारी मंडळीही याच दोन जागी घसरतात. म्हणून या लेखात चौकोनाला फार जागा दिलेली नाही.

## तयारी: चार ओळी आणि एक कोरा कागद

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं हवं. शरीराच्या पेशीत गुणसूत्रं जोडीने असतात: माणसात २३ जोड्या, म्हणजे ४६, वाटाण्यात ७ जोड्या, म्हणजे १४. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. जनुक म्हणजे गुणसूत्रावरची ठरावीक जागा, आणि त्या जागेवर जी निरनिराळी आवृत्ती सापडते तिला अ‍ॅलील म्हणतात. जोडीतली दोन्ही अ‍ॅलील सारखी असली तर समयुग्मजी, वेगळी असली तर विषमयुग्मजी. आत काय लिहिलंय ते जनुकरूप, बाहेर काय दिसतं ते दृश्यरूप.

आता उदाहरण सोडवायला घेण्याआधी कागदावर चार ओळी लिहा:

१. गुण कोणता आणि त्याची रूपं कोणकोणती.
२. प्रभावी रूप कोणतं, आणि ते मला कसं कळलं (प्रश्नात दिलंय, की मी काढलंय).
३. जनुक साध्या गुणसूत्रावर आहे की एक्स गुणसूत्रावर (मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या जोडीतलं).
४. प्रश्न नेमका कुणाबद्दल आहे: होणाऱ्या कोणत्याही संततीबद्दल, फक्त मुलग्यांबद्दल, की जन्मलेल्या आणि निरोगी दिसणाऱ्या एकाबद्दल.

चौथी ओळ सगळे टाळतात. टप्पा ७ वर पोचलात की ती का लिहायची ते कळेल.

## टप्पा १: गुण खरंच एका जनुकाचा आहे का ते ठरवा

इथेच निम्मी मंडळी फसतात, आणि दोष त्यांचा नाही. जीभ पन्हाळीसारखी वळवता येणं, कानाची पाळी सुटी किंवा चिकटलेली असणं, डोळ्यांचा रंग, हे सगळं वर्षानुवर्षं ‘एक जनुक, दोन रूपं’ म्हणून शिकवलं जातं. मी ते शिकवणं सोडून दिलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, तरी त्यांतल्या एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही अशा जोड्या सापडतात. कानाच्या पाळ्या तर वर्गात मोजून पाहा: ‘ही सुटी की चिकटलेली?’ यावर वाद होईल अशा मधल्या पाळ्याच भरपूर निघतील. डोळ्यांच्या रंगात अनेक जनुकांचा हात असतो, आणि निळ्या डोळ्यांच्या दोन पालकांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं, जरी ते क्वचित होतं. उंचीवर हजारो जनुकीय फरक थोडाथोडा परिणाम करतात, शिवाय पोषण आहेच.

ढोबळ कसोटी अशी: रूपं तुटक कप्प्यांत पडत असतील तर गुण एका जनुकाचा असण्याची शक्यता धरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरत असतील तर पनेटचा चौकोन बाजूला ठेवा. वाटाण्याच्या बियांचा आकार, एबीओ रक्तगट, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही चौकोनाला मानवणारी उदाहरणं.

सावधान: जन्मजात म्हणजे आनुवंशिक असं नव्हे. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ जन्मतः बहिरं असू शकतं, पण तो बहिरेपणा पुढच्या पिढीत जात नाही. उलट हंटिंग्टनचा आजार पूर्ण आनुवंशिक, आणि तो दिसू लागतो बहुधा तिशी-चाळिशीनंतर.

## टप्पा २: प्रभावी कोण ते संततीवरून ठरवा

‘जे जास्त लोकांत दिसतं ते प्रभावी’ ही या विषयातली सर्वांत चिवट चूक. ओ रक्तगट अप्रभावी आहे, तरी तो जगभर भरपूर आढळतो. हाताला सहावं बोट असण्याचे काही प्रकार प्रभावी आहेत, तरी सहा बोटांची माणसं विरळा. प्रभावी या शब्दात ताकद नाही, संख्या नाही. एवढाच अर्थ की एक प्रत असली तरी ते रूप दिसतं.

असं का होतं, ते सुरकुतलेल्या वाटाण्यात छान दिसतं. बी भरत असताना एक विकर (एन्झाइम) स्टार्चला फांद्या फोडत असतं. गोल बियांच्या अ‍ॅलीलमधून हे विकर बनतं, सुरकुतलेल्या बियांच्या अ‍ॅलीलमधून ते चालू स्थितीत बनत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की स्टार्च कमी बनतो, साखर साठते, साखरेमुळे बी जास्त पाणी ओढून फुगते, आणि वाळताना ते पाणी गेलं की सैल पडलेलं साल चुरगळतं. एक प्रत जरी चालू असली तरी बी गोल राहण्यापुरतं काम होतं. बिघडलेल्या प्रतीला कुणी दाबून ठेवलेलं नसतं. तिची उणीव दुसरी प्रत भरून काढते, इतकंच.

प्रश्नात प्रभावी रूप दिलेलं नसेल तर खात्रीची खूण एकच: दोन सारखी दिसणारी पालकं, आणि त्यांना वेगळं दिसणारं अपत्य. मग अपत्याचं रूप अप्रभावी आणि दोन्ही पालक विषमयुग्मजी. याचं उलट चालत नाही. दोन्ही पालकांत गुण आहे आणि सगळ्या मुलांतही आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

## टप्पा ३: अक्षरं निवडा

एका जनुकासाठी एकाच अक्षराची जोडी घ्या. मी मुलांना ऱ्हस्व-दीर्घ वापरायला सांगतो: दीर्घ ते प्रभावी, ऱ्हस्व ते अप्रभावी. बियांच्या आकारासाठी आ (गोल) आणि अ (सुरकुतलेली). रंगासाठी ई (पिवळी) आणि इ (हिरवी). गोलसाठी ‘गो’ आणि सुरकुतलेलीसाठी ‘सु’ असं घेतलंत तर पुढे दोन गुण एकत्र आले की कोण कुणाचा जोडीदार तेच कळेनासं होतं.

सावधान: घाईत लिहिलेले इ आणि ई सारखेच दिसतात. दीर्घाखाली बारीक रेघ मारा. निबंधात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर अर्धा गुण जातो; इथे अख्खी पिढी बदलते.

## टप्पा ४: पालकांचं जनुकरूप खालून वर काढा

दिसणाऱ्या रूपावरून जनुकरूप थेट लिहायचं नाही. सुरकुतलेली बी असेल तर अअ, यात शंका नाही. पण गोल बी दिसली की तिथे फक्त आ_ लिहा आणि दुसरी जागा मोकळी सोडा. ती जागा भरायचा अधिकार दोघांनाच: त्या जिवाच्या आईवडिलांना किंवा त्याच्या संततीला.

आईवडिलांपैकी एक अअ असेल तर मोकळ्या जागेत अ येणारच. संततीत एक जरी अअ निघाला तरी मोकळ्या जागेत अ येणारच. दोन्ही नसेल तर जागा मोकळीच राहू द्या आणि उत्तर ‘आआ किंवा आअ’ असं द्या. ते अर्धवट उत्तर नव्हे, तेच बरोबर उत्तर.

शंका मिटवायचीच असेल तर परीक्षण संकर करा: संशयित रोपाचा अअ रोपाशी संकर. एक जरी सुरकुतलेली बी निघाली तर निकाल लागला, पालक आअ. सगळ्या गोल निघाल्या तर मात्र किती निघाल्या ते मोजा. पालक आअ असूनही पाचही बिया गोल निघण्याची शक्यता ३२ त १ असते; सात बिया घेतल्या तर ती १२८ त १ वर येते. तीन बिया पाहून ‘शुद्ध आहे’ म्हणणारे आठातून एकदा तोंडघशी पडतात.

पडताळा: पुढे जाण्याआधी प्रत्येक पालकाच्या नावापुढे एका गुणासाठी बरोबर दोन अक्षरं आहेत का? एक किंवा तीन असतील तर मागे फिरा.

## टप्पा ५: युग्मकं लिहा (सगळ्या चुकांचं माहेरघर)

युग्मक म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी. ती बनताना अर्धसूत्री विभाजन होतं आणि जोड्या फुटतात. माणसाच्या युग्मकात २३ गुणसूत्रं असतात, ४६ नव्हेत. म्हणून युग्मकात प्रत्येक जनुकाचं एकच अक्षर. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एका विद्यार्थ्याने चौकोनाच्या वरच्या बाजूला आअ लिहिलं, डाव्या बाजूला आअ लिहिलं आणि घरात आआअअ असं चार अक्षरी अपत्य काढून दाखवलं. मी विचारलं, ‘याचं लग्न झालं तर पुढची पिढी किती अक्षरी?’ त्याने मोजलं, आठ म्हणाला, आणि मग स्वतःच खोडरबर उचललं. जोड्या फुटल्या नसत्या तर दर पिढीला गुणसूत्रं दुप्पट झाली असती. हे एकदा असं मोजून पाहिलं की ती चूक पुन्हा होत नाही.

आअ पालकाची युग्मकं: आ आणि अ, निम्मी-निम्मी. आआ पालकाची: फक्त आ. इथेही काही जण ‘आ, आ’ असं दोनदा लिहून चार घरं भरतात. उत्तर येतं, पण उगाच दुप्पट काम.

दोन गुण असले की गडबड वाढते. आअ ईइ या पालकाची युग्मकं काढायची, तर प्रत्येक जोडीतून एकेक अक्षर उचला:

- आ घेतला, सोबत ई: आई
- आ घेतला, सोबत इ: आइ
- अ घेतला, सोबत ई: अई
- अ घेतला, सोबत इ: अइ

(पहिलं युग्मक ‘आई’ असलं तरी ते वडिलांकडूनही येतं. हसून घ्या आणि पुढे चला.)

नेहमीची चूक म्हणजे युग्मकात ‘आअ’ आणि ‘ईइ’ असे गठ्ठे करणं. त्या गठ्ठ्यात आकाराची दोन अक्षरं आहेत आणि रंगाचं एकही नाही. म्हणजे निम्म्या माहितीचं बीज. युग्मकात आकाराचं एक आणि रंगाचं एक हवंच.

किती प्रकारची युग्मकं यायला हवीत, ते आधीच मोजता येतं. विषमयुग्मजी जोड्या मोजा आणि तितक्या वेळा २ ने गुणा. एक जोडी: २. दोन जोड्या: ४. तीन जोड्या: ८. आअ ईई यात विषमयुग्मजी जोडी एकच, म्हणून युग्मकं दोनच: आई आणि अई.

पडताळा: युग्मकांचे प्रकार या मोजणीशी जुळतात का? जुळत नसतील तर चौकोन आखू नका.

## टप्पा ६: आता चौकोन

एका पालकाची युग्मकं वर, दुसऱ्याची डावीकडे, घरात दोन्ही एकत्र. दीर्घ अक्षर आधी लिहा, म्हणजे अआ आणि आअ हे दोन वेगळे प्रकार वाटणार नाहीत. आअ × आअ मधून येतं: १ आआ, २ आअ, १ अअ. जनुकरूपाचं गुणोत्तर १:२:१, दृश्यरूपाचं ३:१. प्रश्नात कोणतं विचारलंय ते परत वाचा.

या टप्प्यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

## टप्पा ७: आलेलं गुणोत्तर नीट वाचा

दोन्ही पालक थॅलेसेमियाचे वाहक (म्हणजे आअ: एक प्रत बिघडलेली, पण स्वतः निरोगी) असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता १/४. हे ऐकून लोक म्हणतात, ‘पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली.’ इतकी महागात पडणारी दुसरी चूक या विषयात नाही. प्रत्येक गरोदरपणात फासे नव्याने पडतात. पहिल्या मुलाचं काय झालं, हे दुसऱ्याच्या युग्मकांना ठाऊक नसतं. तीन मुलं झाली तर त्यांतलं किमान एक आजारी असण्याची शक्यता ६४ त ३७, म्हणजे निम्म्याहून जास्त. (कसं काढलं: तिन्ही निरोगी असण्याची शक्यता ३/४ × ३/४ × ३/४, म्हणजे २७/६४, ती १ मधून वजा केली.)

विश्वास बसत नसेल तर दोन नाणी घ्या. दोन्हींच्या छाप्यावर चिकटपट्टी लावून आ लिहा, काट्यावर अ. एक नाणं आई, एक वडील. दोन्ही एकदम उडवा, आलेलं अपत्य लिहा, आणि चार-चारांची कुटुंबं पाडत जा. एका कुटुंबात दोन अअ येतील, शेजारच्यात एकही नाही. चार अपत्यांत नेमकं ३:१ येण्याची शक्यता ४२ टक्केच आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक कुटुंबं ‘नियम मोडतात’ आणि तरी नियम शाबूत राहतो.

आता तयारीतली चौथी ओळ. ही दोन वाक्यं वाचा:

- वाहक जोडप्याचं होणारं बाळ वाहक असण्याची शक्यता किती?
- वाहक जोडप्याचं एक मूल आजारी आहे. त्याची मोठी बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती?

पहिल्याचं उत्तर १/२. दुसऱ्याचं १/२ लिहिलंत तर चुकलात. बहीण निरोगी आहे हे कळलं तेव्हाच अअ हे घर खोडलं गेलं. उरली तीन घरं: एक आआ, दोन आअ. म्हणून उत्तर २/३. अपत्याबद्दल काहीतरी आधीच ठाऊक असेल तर चौकोनातली अशक्य घरं आधी खोडायची, आणि मग मोजायचं.

या बहिणीने एखाद्या वाहकाशीच लग्न केलं, तर त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता २/३ × १/४ = १/६.

सावधान: कागदावरचं हे गणित शिकण्यासाठी आहे. प्रत्यक्ष घरात प्रश्न असेल तर दोघांची रक्ततपासणी आणि जनुकीय समुपदेशन, तेही शक्यतो गरोदरपणाआधी.

## टप्पा ८: दोन-तीन गुण आले तर सोळा घरं आखत बसू नका

आअ ईइ × आअ ईइ साठी १६ घरांचा चौकोन लागतो. तीन गुणांना ६४. त्यात एक घर चुकलं की सगळं चुकतं. त्यापेक्षा गुण सुटे करा आणि शक्यता गुणा.

गोल येण्याची शक्यता ३/४, पिवळी येण्याची ३/४. गोल आणि पिवळी: ९/१६. गोल आणि हिरवी: ३/४ × १/४ = ३/१६. सुरकुतलेली आणि पिवळी: तेवढीच. सुरकुतलेली आणि हिरवी: १/१६. झालं ९:३:३:१, चौकोनाशिवाय.

पालक सारखे नसतील तेव्हा ही पद्धत खरी उपयोगी पडते. आअ ईइ × अअ ईइ मधून सुरकुतलेली-हिरवी किती? आकारासाठी १/२, रंगासाठी १/४, गुणाकार १/८. अशा वेळीही ९:३:३:१ ठोकून देणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. ते गुणोत्तर पाठ करण्यापेक्षा गुणाकार करायची सवय लावा.

सावधान: जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर किंवा एकाच गुणसूत्रावर पुरेशी लांब असतील तरच गुणाकार चालतो. जवळजवळ चिकटून बसलेली जनुकं बहुतेक वेळा एकत्रच प्रवास करतात, आणि मग पालकांसारख्या जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त निघतात.

## टप्पा ९: ३:१ चा साचा कुठे मोडतो ते ओळखा

मधलं रूप दिसतं तेव्हा. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात. इथे एक प्रत पुरी पडत नाही. गुलाबी × गुलाबी केलं की लाल, गुलाबी, पांढरी १:२:१, म्हणजे जनुकरूप आणि दृश्यरूप यांचं गुणोत्तर एकच. लाल-पांढरी परत वेगळी निघतात, यावरूनच कळतं की रंग ‘मिसळला’ नव्हता.

दोन्ही रूपं एकदम दिसतात तेव्हा. रक्तगटात ए आणि बी दोन्ही प्रभावी, ओ अप्रभावी. गट ए म्हणजे एए किंवा एओ. गट बी म्हणजे बीबी किंवा बीओ. गट एबी म्हणजे एबीच. गट ओ म्हणजे ओओच. एकदा रात्री साडेदहाला ओळखीतल्या एकाचा फोन आला, आवाज उतरलेला: ‘आमचा दोघांचाही बी, आणि बाळाचा ओ सांगतायत.’ मी म्हटलं, दोघं बीओ असाल, चारातून एकदा असंच होतं, झोपा आता. एबी आणि ओ या जोडप्याला मात्र ए किंवा बी गटाचीच मुलं अपेक्षित असतात. आईवडिलांपैकी कुणाचाच गट मुलात येत नाही, आणि लोकांना नेमकं हेच विचित्र वाटतं.

रक्तगटावरून पितृत्वाचा निवाडा करू नका. तपासणीत घोळ होतो, आणि ‘बॉम्बे’ रक्तगटासारखे अपवाद आहेत: त्यात ए आणि बी ज्याच्यावर रचले जातात तो एच हा पायाच नसतो, म्हणून आत ए किंवा बीचं जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो.

जनुक एक्सवर असतं तेव्हा. लाल-हिरवा रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया इथे येतात. मुलीत एक्स दोन, मुलग्यात एक्स आणि वाय. वायवर हे जनुकच नसतं, त्यामुळे वायपुढे आ किंवा अ लिहायचं नाही. मुलग्याकडे उणीव भरून काढायला दुसरी प्रत नसते. एक बिघडलेली प्रत पुरते.

आई वाहक, वडिलांची दृष्टी नेहमीची, असं घ्या. आईची युग्मकं: एक्स-आ, एक्स-अ. वडिलांची: एक्स-आ, वाय. चार घरं: नेहमीच्या दृष्टीची मुलगी, वाहक मुलगी, नेहमीच्या दृष्टीचा मुलगा, रंगांध मुलगा. आता शब्दांकडे बघा. ‘मुलगा झाला तर तो रंगांध असण्याची शक्यता’ १/२. ‘रंगांध मुलगा होण्याची शक्यता’ १/४. पहिल्यात मुलगा गृहीत आहे, दुसऱ्यात तो व्हायचाय.

पडताळा: वडिलांकडून मुलग्याला एक्स गेला आहे असं कुठे दिसतंय का? दिसत असेल तर चौकोन चुकलाय. वडिलांचा एक्स प्रत्येक मुलीला जातो आणि एकाही मुलग्याला जात नाही.

एक घर रिकामं पडतं तेव्हा. पिवळ्या केसांच्या दोन उंदरांपासून पिवळी आणि इतर रंगाची पिल्लं ३:१ ऐवजी २:१ निघतात. पिवळ्याच्या दोन प्रती आलेला गर्भ जगत नाही. २:१ दिसलं की मोजणी चुकली म्हणण्याआधी हे आठवा.

## टप्पा १०: वंशावळ याच क्रमाने वाचा

चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, भरलेलं चिन्ह म्हणजे गुण असलेली व्यक्ती. पाहताक्षणी ‘हा एक्सवरचा’ असं सुचतं, कारण दोन मुलगे भरलेले दिसतात. दोन मुलगे हा पुरावा नव्हे. प्रश्न या क्रमाने विचारा:

१. गुण नसलेल्या दोन पालकांना गुण असलेलं अपत्य आहे का? असेल तर अप्रभावी.
२. असं अपत्य मुलगी आहे का? असेल तर जनुक साध्या गुणसूत्रावर. एक्सवर अप्रभावी असतं, तर तिच्या वडिलांतही गुण दिसायला हवा होता.
३. प्रत्येक पिढीत गुण आहे आणि प्रत्येकाच्या पालकांपैकी एकात आहे, तर प्रभावी असण्याकडे कल.
४. गुण वडिलांकडून मुलग्याकडे गेलेला दिसतो का? प्रभावी गुणात असं एक उदाहरणही एक्सला बाद करतं.
५. गुण असलेल्या आईची सगळी मुलं भरलेली आणि गुण असलेल्या वडिलांचं एकही नाही? मग मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या, स्वतःची जनुकं असलेल्या ऊर्जाघरांचा) विचार करा. ते आईकडूनच येतात.

पहिल्या प्रश्नाला एक अपवाद ध्यानात ठेवा. नव्याने झालेला बदल. अकाँड्रोप्लेजिया हा बुटकेपणाचा प्रकार प्रभावी आहे, तरी अशी सुमारे ८० टक्के बाळं नेहमीच्या उंचीच्या आईवडिलांना होतात.

## टप्पा ११: प्रत्यक्ष मोजणीशी ताळा लावा

प्रयोग केला असेल तर आकडे गुणोत्तराशी तंतोतंत जुळणार नाहीत. जुळले तर मला उलट संशय येतो. वाटाण्यांवर प्रयोग करून हे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या एका मोजणीत ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या होत्या: २.९६ ला १. इतक्या बिया मोजल्यावर कुठे ३ च्या इतकं जवळ पोचता येतं. वीस बिया मोजून १३:७ आले म्हणून वही फाडू नका, आणि त्यातल्या दोन बिया ‘दुरुस्त’ तर अजिबात करू नका.

फरक किती चालेल ते काय-वर्ग चाचणीने ठरतं. दोन गुणांच्या संकरातल्या ५५६ बिया घ्या: गोल-पिवळ्या ३१५, गोल-हिरव्या १०८, सुरकुतलेल्या-पिवळ्या १०१, सुरकुतलेल्या-हिरव्या ३२. ९:३:३:१ प्रमाणे अपेक्षा ३१२.७५, १०४.२५, १०४.२५, ३४.७५. प्रत्येक कप्प्यात फरकाचा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा, चारही बेरजेत घ्या. उत्तर साधारण ०.४७. चार कप्पे, म्हणून स्वातंत्र्यांश (कप्प्यांहून एक कमी) तीन, आणि ५ टक्क्यांची मर्यादा (निव्वळ योगायोगाने जिच्यापलीकडे शंभरातून पाचदाच जाता येतं) ७.८१५. आपला आकडा तिच्या खूप खाली आहे, म्हणजे ९:३:३:१ नाकारायला कारण नाही.

इथे दोन गोष्टी चुकतात. एक, लोक टक्केवारी घालून चाचणी करतात. ती प्रत्यक्ष मोजलेल्या संख्यांवरच करायची. दोन, एखाद्या कप्प्यात अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असतानाही करतात. तेव्हा चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. आणखी बिया मोजायच्या.